मागून धाडलेला नकार

आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मुलगी बघायला आलेली मंडळी पसंत नसली तरी चहा-पोहे द्यायचे, "बघू, कळवतो" म्हणायचं आणि हसतमुखानं वाटेला लावायचं. मग आठ-पंधरा दिवसांनी कुणातरी तिऱ्हाइताच्या तोंडून निरोप जातो, की योग दिसत नाही. निरोप नेणारा दोन्ही घरी चहा पितो, दोन्ही घरचं मन राखतो आणि कुणाचा कुणावर राग राहत नाही. यात लबाडी नाही. ज्याला निरोप मिळायचा त्यालाही "बघू" ऐकताच अर्ध्याहून अधिक कळलेलं असतं. मला हा रिवाज मोठा सोयीचा वाटायचा. आता त्याची चीड येते आणि चीड आली की मोठ्या जाऊची आठवण येते.

आमचं गाव कर्जतहून कशेळ्याकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत, कालव्याच्या खालच्या अंगाला. कालवा आहे म्हणून आम्ही पावसाळ्यातलं भात काढून उन्हाळ्यातही दुसरं भात घेतो. सासऱ्यांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा वरची खाचरं आमच्या वाट्याला आली, खालची थोरल्या दिरांच्या. कालव्याचं पाणी आधी आमच्यात येतं, आमचं भरलं की बांधाला पाडलेल्या खांडीतून जाऊच्या खाचरात उतरतं आणि तिथून ओहोळाला लागतं. हे पाणी कुणाचं, असं आमच्या दोन्ही घरांत कधी कुणी विचारलं नाही. जमिनीचा सातबारा असतो, पाण्याला कुठला आलाय?

थोरले दीर गेले तेव्हा जाऊ पन्नाशीच्या आत होती. तिचा मुलगा बदलापूरला फ्लॅट घेऊन राहिला आणि तेव्हापासून एकच पालुपद लावून बसला, "आई, आता पुरे झालं, चल तिकडं." त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. एकटी बाई, गुडघे दुखतात, आणि तिची जमीन रस्त्याला लागून. दर शनिवार-रविवारी इकडं फिरायला येणारी मुंबईची माणसं परत जाताना गाडी थांबवून विचारायची, "काकू, जागा द्यायची आहे का?" जाऊ त्यांना पाणी पाजायची आणि "बघू" म्हणायची. मुलाला मात्र तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "उन्हाळी भात पिकतंय तवर मी हितनं हलणार नाय. ज्या सालाला पिकणार नाय त्या सालाला ने मला." हे तिनं माझ्या ओटीवर बसून, माझ्यासमोर सांगितलं होतं. मुलानं मान डोलावली होती. म्हणजे तिचं इथलं राहणं सगळं त्या उन्हाळी भातावर टेकलेलं होतं. हे मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं.

आणि मग ते पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे साधेसुधे नव्हेत. पुष्कळ देशांनी मिळून चालवलेली एक मोठी संस्था, तिचं शेतीचं धोरण जगभर चालतं म्हणे. पौषातले दिवस होते. तीन गाड्या आल्या, त्यातून गोरी माणसं उतरली, दिल्लीची दोन आणि आमच्या तालुक्यात नेमलेला त्यांचा अधिकारी. हा सोलापूरकडचा तरुण, शेतकीत शिकलेला, स्वभावानं गरीब. मी बारावी झालेली, बचत गटाची अध्यक्ष, म्हणून स्वागताची सगळी उठाठेव माझ्याकडे. शाळेच्या पटांगणात चटया टाकल्या. मागच्या बाजूला बायकांनी पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं पालथं घालून वरून पेंढ्याचा जाळ. त्या वासावर गोरी माणसं सारखी मागे वळून बघत होती.

त्यांनी जे सांगितलं ते काही खोटं नव्हतं. भाताच्या खाचरात पाणी सतत तुंबून राहिलं की चिखलातून एक वायू निघतो, त्यानं हवा तापते. म्हणून उन्हाळी भाताला एकसारखं पाणी ठेवायचं नाही. खाचरात भोकं पाडलेला पाईप रोवायचा, त्यात पाणी पार खाली गेलेलं दिसलं की मगच नवं घ्यायचं. मध्ये जमीन उलू द्यायची, बारीक भेगा पडू द्यायच्या. पीक कमी येत नाही, पाणी वाचतं, हवाही वाचते. अधिकाऱ्यानं हे सगळं मराठीत नीट समजावलं. मग त्यातल्या मुख्य बाईनं विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे का? कुणाची हरकत?"

आता सांगा, पोपटी मडक्यात, पाहुणा चटईवर, अजून घास तोंडात गेलेला नाही, आणि विचारतो हरकत आहे का! कोण म्हणणार? सगळं गाव एका सुरात "हो, हो, करू की!" सगळ्यात मोठा आवाज जाऊचा. तिनं तर उठून मडक्यातल्या पहिल्या शेंगा काढून त्या बाईच्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "खा बाय, तू सांगतेस तसं करू." सगळे हसले, फोटो निघाले. मीही त्या हसण्यात होते. कुणी जबरदस्ती केली नाही की कुणी फसवलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

गाड्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी पारावर खरं बोलणं सुरू झालं. आमच्याकडे खाचर एकेकटं नसतं. एकाच्या उरावरून दुसऱ्याला पाणी जातं, दुसऱ्याच्या उरावरून तिसऱ्याला. वरच्यानं कोरडं ठेवायचं ठरवलं तर खालच्यानं काय प्यायचं? वरची खाचरं असलेले गप्प होते, खालचे बोलत होते. जाऊ खालच्यांतली. ती मला घरी जाताना म्हणाली, "धाकटे, हे जमायचं नाय गं. तुझं सुकलं की माजं मेलं." मी म्हटलं, "मग बाय, मघाशी एवढ्या मोठ्यानं हो कशाला म्हणालीस?" तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी अभद्र बोलले. "अगं, पाव्हणी ना ती! तोंडावर नाय म्हणू? मागनं सांगू की."

आणि खरंच, मागून सांगितलं. होळी झाल्यावर गावातली चार जाणती माणसं कर्जतला त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेली. मीही होते. सगळं रिवाजाप्रमाणं झालं. आधी त्याच्या गावच्या, पाऊसपाण्याच्या गप्पा, मग चहा, मग हळूच विषय. तुम्ही आपले, तुम्हीच त्यांना आमचा निरोप द्या, की वरच्या आणि खालच्या खाचरांचा एकत्र विचार केला तर बघू, नाहीतर आम्हाला नको. पोरगा मन लावून ऐकत होता. म्हणाला, "मला हे आधीच दिसलं होतं. मी लिहूनही पाठवलं होतं. पण त्यांच्या योजनेत एक शेतकरी म्हणजे एक एकक. पाण्याचा उतार त्यात कुठं बसवायचा, याला जागाच नाही." तरी त्यानं आमचा निरोप वर पाठवला. उत्तर यायला पावसाळा उजाडला. सल्लामसलतीचा टप्पा पूर्ण झाला आहे, गावाची संमती एकमतानं मिळालेली आहे आणि ती मंजूर आराखड्यात गेली आहे. ते वाचून दाखवताना त्याचा आवाज पडला होता. मला वाटलं, कप्पाळ माझं! आमच्यात नकार मागून येतो, हे त्या शहाण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडे बहुधा हो म्हणजे हो असतं. तसं असणंही वाईट नाही. पण दोन घरचे रिवाज एकमेकांना कळले नाहीत आणि चिरडली गेली ती मधली माणसं.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या खाचरात पाईप रोवले गेले. रस्त्यालगत बोर्ड लागला. मोजणीचं खाचर म्हणून माझंच निवडलं, कारण ते कालव्याच्या तोंडाशी. किती पाणी आत आलं ते नीट मोजता यावं म्हणून खांड बुजवायला सांगितली. आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, घरी आले की झोपलेले. ते म्हणाले, "दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय, ऱ्हाऊ दे की." खांड बुजवू का, असं मी जाऊलाच विचारलं. ती म्हणाली, "बुजव. लागंल तवा फोडू. आपलंच हाय." तिच्या बोलण्यात काही आडपडदा नव्हता, माझ्याही नव्हता.

पण गोष्ट खांडीशी थांबली नाही. या गावात आता कमी पाणी लागतं, हे आराखड्याच्या कागदावरच लिहून आलं म्हटल्यावर कालव्याच्या पाण्याची आमच्याकडची पाळीच आखडली. वाचलेलं पाणी पुढं गेलं, कुठं ते मला माहीत नाही. कुणाच्या तरी भल्यालाच गेलं असेल. भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी पोटात धरायची वेळ, त्याच वेळी जाऊच्या खाचरात भेगा पडल्या. मी भर दुपारी फावडं घेऊन निघाले. म्हटलं, मरो तो पाईप आणि मरो ती मोजणी. बांधावर जाऊन खांड फोडली. पाणी निघालं, पण माझ्याच खाचरात ते घोट्याएवढंही नव्हतं. जाऊच्या पहिल्या खाचराच्या तोंडाशीच भेगांनी ते गट्ट केलं. खालच्या तिन्ही खाचरांना त्यातला थेंब मिळाला नाही. जाऊ बांधावर बसून बघत होती. हसून म्हणाली, "बुजव गं बाय, बुजव. माजं तर गेलंच, तुजं कशाला घालवतेस?" मला रडू फुटलं. ती माझ्यावर ओरडली, "रडतेस काय अशी, मयत झाल्यासारखी!"

त्या सालाला तिच्या भाताचा वरचा पट्टा कसाबसा भरला, खालची नुसती फोलं. मळणीत वारा दिला की उडून जायची. माझं भात मात्र छान आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं. पाईपवाल्यांचं म्हणणं माझ्या खाचरापुरतं अगदी बरोबर निघालं. अधिकारी येऊन माझ्या भाताचे फोटो काढून गेला, आणि जाताना जाऊच्या बांधाकडे न बघता गाडीत बसला. दुष्ट नव्हता तो. बघवत नसेल त्याला.

जाऊनं मुलाला पहिल्या वर्षी काय सांगितलं कोण जाणे. "एखादं साल असं जातं," असंच काहीतरी. दुसऱ्या वर्षी पाळी तेवढीच आखूड आली. तिनं खालची खाचरं लावलीच नाहीत, वरचं एकच लावलं, तेही पूर्ण भरलं नाही. मे महिन्यात मुलगा आला. तो काही वेडावाकडा बोलला नाही. आईशेजारी बसला आणि म्हणाला, "आई, तूच म्हणाली होतीस." जाऊनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बाजूनं बोलायचं तर काय सांगणार, की पुढच्या सालाला पाणी येईल? ते माझ्या हातात होतं का? ती उठून आत गेली आणि पिशवी भरायला लागली. जाताना मला एवढंच म्हणाली, "घराला झाडलोट करत जा गं मधनंमधनं." जमिनीचं तिनं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

जमीन पावसाळ्याआधी गेली. घेणारा माणूस सभ्य. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर चारी बाजूंनी सिमेंटची भिंत घातली. वरच्या अंगाची भिंत बरोबर आमच्या बांधावर. आता मजा बघा. माझ्या खाचरातलं पाणी जायचं कुठं? खालची वाटच बंद. पावसाळ्यात तर तळंच होतं, आणि उन्हाळ्यातही एकदा पाणी घेतलं की तुंबून राहतं, चिखल वास मारतो. ज्या पाण्याला तुंबू देऊ नका म्हणून एवढा खटाटोप झाला, ते आता माझ्याकडे रात्रंदिवस तुंबलेलं असतं. पाईप रोवलेलाच आहे. त्यात बेडूक राहतात.

या वर्षी पुन्हा गाड्या येणार असा निरोप आला. आमचं गाव यशस्वी गाव ठरलंय म्हणे. सोलापूरकडचा अधिकारी कधीच बदलून गेला होता, त्याच्या जागी नवी मुलगी होती, ती फोनवरच बोलायची. पाहुणे येणार म्हटल्यावर गावची माणसं आदल्या दिवशी माझ्या खाचरावर जमली. पाणी तुंबलेलं दिसलं तर पाहुण्यांना काय वाटेल! डिझेल इंजिन आणलं, पाईप लावला आणि माझ्या खाचरातलं सगळं पाणी उपसून रस्त्याच्या गटारात सोडलं. पाणी वाचवतो हे दाखवायला पाणी फेकून दिलं! मी कपाळाला हात लावून उभी. सरपंच म्हणाले, "वयनी, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय." तुमच्या इज्जतीला लागो आग, असं मनात आलं. तोंडानं मी सगळ्यांना चहा दिला.

त्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवून बसले होते. या खेपेला रिवाज गेला चुलीत. विचारलं की तोंडावर सांगायचं, की तुमच्या हिशेबात माझं एक खाचर आलं आणि त्याच्या खालची चार खाचरं गेली, आमचं पाणी गेलं, माझी जाऊ गेली. आरशासमोर उभं राहून बोलूनही बघितलं होतं.

आलेली बाई माझ्याच वयाची होती. परदेशी, पण गोड चेहऱ्याची. तिनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सरळ माझ्या खाचरात उतरली. घसरली, हसली, माझा हात धरला. हात चांगला राबलेला होता. भात हातात घेऊन बघितलं. तिनं बरोबर आणलेल्या दुभाष्या मुलीकडून सांगितलं, की तिच्या आईची पण शेती होती, लहान, डोंगरातली. मग भिंतीकडे बघून विचारलं, पलीकडे काय आहे? कुणीतरी म्हणालं, फार्महाऊस. तिनं मान हलवली. आणि मग माझ्याकडे वळून तिनं तोच प्रश्न विचारला. तुम्ही समाधानी आहात का? हीच पद्धत आम्ही दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या देशांत न्यावी असं तुम्हाला वाटतं का? तुमचं मत आम्हाला महत्त्वाचं आहे.

ती मनापासून विचारत होती. माझा हात अजून तिच्या हातात होता. गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. सगळं ओठाशी आलं होतं. कुठं असतील ती दुसऱ्या देशांतली वरची-खालची खाचरं, तिथंही कुणाची तरी जाऊ असेल. आणि मी म्हणाले, "हो. न्या की." पुढं आणखी काय बोलले कोण जाणे, पण ती खूश झाली. मी तिला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. तिनं बोटं चाटून खाल्लं.

गाड्या गेल्यावर मी बदलापूरला फोन लावला. जाऊ तिथं चौथ्या मजल्यावर असते. आधी गुडघ्यांचं झालं, नातवाचं झालं. मग मी म्हटलं, "बाय, आज ते पाव्हणे आले होते. विचारत होते, दुसऱ्या गावांना पण हेच सांगू का म्हणून."

"मग? काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मला वाटलं, आता ती शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. मला तेच हवं होतं. ती म्हणाली, "बरं केलंस. दारात आलेली बाई, तिला काय नाय म्हणायचं असतं?" मग समजुतीच्या सुरात पुढं म्हणाली, "आता मागनं निरोप धाड कुणाच्या तरी हाती. नको म्हणावं, कुणाला सांगू नका म्हणावं."

मी म्हटलं, "कुणाच्या हाती धाडू गं, बाय?"

मग ती म्हणाली, "ते बी खरंच हाय," आणि तिनं नातवाला दूध द्यायचंय म्हणून फोन ठेवला.